ओळखीची गाडी

माझ्या गेस्टहाऊसमध्ये एकटी बाई उतरली की पहिल्या चहाबरोबरच मी तिला चार गोष्टी सांगते. हात दाखवून थांबवलेल्या गाडीत बसायचं नाही. बसावंच लागलं तर मागे बसायचं, दाराशी. नवरा नसला तरी आहे म्हणायचं, आणि तो उद्या पोचतोय म्हणायचं. कोणी वोडकाचा पेला पुढे केला तर डॉक्टरने मनाई केलीय म्हणायचं. नुसतं नको म्हटलं तर आमच्या पुरुषांना अपमान वाटतो, आजारपण म्हटलं की तेच पुरुष हळहळतात. बारा वर्षं मी हे सांगत आलेय. त्याआधी आठ वर्षं गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा सांगायची सवय तशी जुनीच.

बोग्नाला सांगितलं तेव्हा ती हसली. पोलंडची होती, लुब्लिनमधल्या एका इस्पितळात लहान मुलांच्या विभागात नर्स. आईचं आजारपण अकरा वर्षं काढलं होतं तिने. त्या हिवाळ्यात आई गेली आणि जुलैत ही बाई पाठीवर पिशवी टाकून आमच्या डोंगरात आली. शाळेत शिकलेलं रशियन तिला अजून आठवत होतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

"अनारकुल, चोपन्न वर्षांची आहे मी," ती म्हणाली. "जिना चढताना गुडघे वाजतात. माझ्याकडे कोण बघणार?"

"बघणारे वय विचारून बघत नाहीत."

"तेही खरं. आमच्या वॉर्डात नातवंडांना भेटायला आलेले आजोबासुद्धा हात लावून बघायचे." मग तिने मला तिचा सगळा सरंजाम काढून दाखवला. बाजारातून घेतलेली खोटी अंगठी. दाराखाली सरकवायची रबरी पाचर. गळ्यातली शिट्टी. आणि गाडीत बसण्याआधी ती नंबराचा फोटो काढून बहिणीला पाठवायची. "माझ्या बहिणीकडे आता तुमच्या देशातल्या अर्ध्या गाड्यांचे नंबर आहेत. ती म्हणते, एक दिवस इंटरपोल माझ्याच दारात येणार!"

पाच दिवस राहिली ती. पाव भाजायला उठायची, लोकरीचा नमदा लाटायला बसायची, दुपारी माझ्या सासूबाईंचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळायची. सासूबाईंना एकही पाहुणा कधी आवडलेला नाही. कोण पाव टाकतो, कोण बूट घालून आत येतो, त्यांच्याकडे यादी असते. पण बोग्नाला त्या 'माझी पोरगी' म्हणायला लागल्या. तिला स्वतःच्या हाताने साय वाढायच्या.

सहाव्या दिवशी तिला वरच्या सरोवरावर जायचं होतं. तिथे उन्हाळ्यात माझ्या मावशीचा तंबू असतो. मावशीकडे दोन रात्री राहायचं, घोडीचं दूध प्यायचं आणि परत यायचं, असा बेत होता. गाडी मेदेरची ठरली. मेदेर माझा धाकटा दीर, आमच्याच आवारात पलीकडच्या घरात राहणारा. बायको बेगिमाय, सात वर्षांची मुलगी सेझिम, आणि पोटात दुसरं. माझे सगळे पाहुणे तोच नेत-आणत असे.

सकाळी आठला त्याने गाडी फाटकाशी लावली. बोग्नाने मागचं दार उघडून पिशवी आत टाकली आणि मागे वळून, नेहमीसारखा, नंबराचा फोटो काढायला फोन वर केला.

"अगं, हे काय?" मी म्हणाले. "हा माझा दीर आहे. घरची गाडी आहे ही."

ती ओशाळली. फोन खिशात टाकला. "सवय लागलीय गं. रागावू नकोस."

"आणि मागे कुठे बसतेस? पुढे बस, डोंगर दिसतील."

मेदेर हसून म्हणाला, "वहिनी, मागचं सीट फाटलंय, तेवढं लपवायचं म्हणून मी पण पुढेच बसा म्हणणार होतो." बोग्ना पुढे बसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होती.

सरोवराला पोचायला तीन तास लागतात. म्हणजे जाऊन, मावशीकडे चहा पिऊन तो चारच्या आत यायला नको. तो साडेअकराला आला. मी अंगणात लोकर वाळत घालत होते. गाडीतून उतरला तो सरळ नळाकडे गेला आणि तोंडावर पाणी मारायला लागला.

"एवढ्यात?" मी विचारलं.

"त्या बाईला चालायचं होतं. खिंडीच्या पुढे उतरली. म्हणाली, इथून मी पायी जाते."

"पायी? तिचे गुडघे दुखतात."

"मला काय माहीत, वहिनी? परदेशी बायका. डोक्यात येईल ते करतात."

त्याने तोंड पुसलं तेव्हा डाव्या गालावर मला तीन ओरखडे दिसले. ताजे. पाणी लागून पुन्हा रक्त आलं होतं. मी गाडीशी गेले. मागच्या सीटवर बोग्नाची पिशवी तशीच पडलेली.

माणसाला कळायला किती वेळ लागतो? मला तरी लागला नाही. पिशवी उचलली आणि रस्त्यापलीकडे असानबायच्या घरी पळत गेले. असानबाय रोज दुपारी छोटा ट्रक घेऊन वरच्या कुरणांतलं दूध आणायला जातो. तो जेवायला बसला होता. माझं तोंड बघून घास तसाच ठेवून उठला.

खिंडीच्या अलीकडे, उतारावर, ती आम्हाला भेटली. रस्त्याच्या कडेने खाली येत होती, एक हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून. ट्रकचा आवाज ऐकून ती आधी रस्ता सोडून दगडांत उतरली. मला बघितल्यावरही लगेच वर आली नाही.

मनगट मोडलं होतं. हनुवटी सोललेली. शिट्टी ओठांतच होती, दातांत धरलेली, ती तिने ट्रकमध्ये बसल्यावर काढली.

वाटेत तिने सांगितलं, फार नाही. खिंड ओलांडल्यावर जुन्या मेंढवाड्याशी त्याने गाडी थांबवली. इंजिन तापलंय म्हणाला. मग तिच्या मांडीवर हात. मग तोंड दाबलं. तिने बोचकारलं, दार उघडलं आणि स्वतःला बाहेर फेकलं, ती दगडांवर पडली. तो उतरून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते. मग गाडी वळल्याचा आवाज आला."

"त्याच्या गालावर तुझी नखं आहेत," मी म्हणाले. "मी बघितली."

तिने मान हलवली. मी तिचा चांगला हात धरायला गेले, तो तिने हळूच काढून घेतला. असानबाय समोर बघून गाडी चालवत होता. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तालुक्याच्या गावी आम्हाला सोडून तो दूध आणायला गेला, आणि पुढे कोणी विचारलं तेव्हा म्हणाला, मला रशियन नीट कळत नाही.

हात प्लास्टरमध्ये घालून झाल्यावर बोग्ना म्हणाली, "आता पोलीस."

ठाण्यातला अधिकारी तरुण होता, मेदेरच्या दोन वर्षं मागे शाळेत होता. मीच त्याला इंग्रजी शिकवलं होतं. त्याने मला 'बाई, बसा' म्हटलं, चहा मागवला आणि बोग्नाला विचारायला सुरुवात केली. नवरा कुठे आहे? नाही? मग अंगठी? मग तुम्ही लोकांना खोटं सांगत फिरता तर. एकट्या का फिरता? आदल्या दिवशी दारू घेतली होती?

"त्याच्या शेजारी तुम्ही आपणहून बसलात?"

"हो."

"मागे जागा होती ना?"

"होती."

"मग पुढे का बसलात?"

बोग्नाने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी बसवलं. मी चहाच्या पेल्यात बघत राहिले. बोग्ना म्हणाली, "डोंगर बघायला." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

तक्रार नोंदवायची तर साक्षीदार लागेल, तो म्हणाला. बाई, तुम्ही उद्या सकाळी या. बोग्ना त्या गावातच एका हॉटेलात राहिली. माझ्या घरी चल म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

घरी पोचले तर सगळे स्वयंपाकघरात जमलेले. मेदेर नव्हता, त्याला राजधानीत, बिश्केकला, मावसभावाकडे पाठवलं होतं. सासूबाई भिंतीशी पाय पसरून बसल्या होत्या.

"काय सांगून आलीस?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही. उद्या सांगायचंय."

"काय सांगणार?"

"जे बघितलं ते."

"तू काय बघितलंस? तू गाडीत होतीस?"

"आई, तिचं मनगट मोडलंय. तुमचे पाय चोळत होती ती कालपर्यंत."

"म्हणून माझं पोर तुरुंगात घालू?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "ती बरी होईल. बाईचं शरीर बरं होतं. तू पण गाडीतून रडतच आली होतीस ह्या घरात. तालायचा हात चावला होतास, अजून खूण आहे त्याच्या अंगठ्याशी. आता? घर कोण चालवतंय? तूच ना?"

हे खरं होतं. एकोणीस वर्षांची होते, कॉलेजातून घरी चालले होते. गाडी ओळखीच्याच मुलांची होती, त्यांनी मला उचलून ह्या घरात आणलं आणि तालायशी माझं लग्न लावलं. सत्तावीस वर्षांत हे ह्या घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. तालायच्या अंगठ्याची खूण ही आरीने झालेली, असं आम्ही मुलांना सांगत आलो होतो.

मग तालायचाच फोन आला. तो रशियात बांधकामावर असतो, वर्षातून एकदा येतो. चांगला माणूस आहे, मी अजूनही म्हणते. ओरडला नाही. "अनारकुल, मेदेर गाढव आहे. मी आल्यावर त्याला बघतो," तो म्हणाला. "पण नीट विचार कर. ती बाई परवा विमानात बसेल. तुला तिथेच राहायचंय. त्याच आवारात, त्याच नळावर."

सगळ्यांत शेवटी बेगिमाय आली. मी गोठ्यात गाय पिळत होते. सहा महिन्यांचं पोट घेऊन ती दारात उभी राहिली आणि नुसती रडायला लागली.

"वहिनी, बोलू नका. त्याला नेलं तर मी कुठे जाऊ? माझ्या माहेरी कोण आहे? सेझिमला शाळेत मुलं काय म्हणतील? मी पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकायला लागली. मी तिला धरलं, म्हटलं, रडू नकोस, पोटातल्याला त्रास होईल.

सकाळी मी साक्ष दिली.

"तो किती वाजता परत आला?"

"साडेअकरा."

"बाईंची पिशवी गाडीत होती?"

"होती."

अधिकाऱ्याने लिहिलं. मला तेव्हा वाटलं, मी खरं बोलतेय, बघ, जमतंय. मग त्याने पेन थांबवलं.

"त्याच्या अंगावर, चेहऱ्यावर काही जखम? ओरखडा वगैरे?"

बोग्ना बाजूच्याच खुर्चीवर होती. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

"वागणं?"

"नेहमीसारखं."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. माझ्या माजी विद्यार्थ्याने मला दारापर्यंत पोचवलं. परदेशी बाई तोल जाऊन पडल्या, पिशवी विसरल्या, भाषेमुळे गैरसमज झाला, असा शेरा मारून तीन आठवड्यांनी कागद बंद झाला.

ठाण्याबाहेर मी बोग्नासमोर पाव आणि मुरांब्याची बरणी धरली. घरून बांधून आणली होती. का आणली होती देव जाणे.

"तू बघितलं होतंस," ती म्हणाली. "ट्रकमध्ये मला म्हणालीस."

"बोग्ना, मला इथे राहायचंय."

"हो. ते मला कळतं." ती रागावली असती तर बरं झालं असतं. रात्रपाळी संपलेल्या नर्ससारखी ती दमलेली दिसत होती. "पाव घरी ने. मला तो खाता येणार नाही."

हिवाळ्यात मी तिला पत्र पाठवलं, फोनवरून. तीन दिवस लिहीत होते. सगळं लिहिलं, ओरखड्यांसकट. वाटलं, हे लेखी असू दे तिच्याकडे, वापरायचं असेल तर वापरेल. चार ओळींचं उत्तर आलं. मनगट थंडीत दुखतं. कामावर जाते. वॉर्डातली मुलं प्लास्टरवर चित्रं काढत होती. मला परत लिहू नकोस.

मेदेर महिन्याभरातच परत आला होता. तालाय आला तेव्हा त्याने त्याला खरंच दोन थोबाडीत मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मेंढी कापली. मी एकच केलं. माझे पाहुणे त्याच्या गाडीत बसणार नाहीत, असं सांगितलं. सासूबाईंनी बोलणं टाकलं. त्या सामान घेऊन मेदेरकडे राहायला गेल्या. वसंतात मेदेरने रस्त्यापलीकडची जागा घेतली, चार खोल्या बांधल्या आणि माझ्या पाटीच्या दुप्पट पाटी लावली. आता उन्हाळ्यात अर्धे पाहुणे तिकडेच जातात. त्याच्याबद्दल लोक इंटरनेटवर लिहितात, मी वाचते. प्रेमळ कुटुंब. यजमान फार दिलखुलास, स्वतः गाडीने फिरवतात. आजी गोड आहे.

एकदा राहवलं नाही. गेल्या ऑगस्टची गोष्ट. मेरेल नावाची हॉलंडची मुलगी, पंचवीसेक वर्षांची, एकटी, त्याच्याकडे उतरलेली. दुकानात पाणी घ्यायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"तू उद्या सरोवरावर चाललीयस का? त्याच्या गाडीने जाऊ नकोस."

"का?"

"तो चांगला माणूस नाही. एका बाईला त्याने त्रास दिला होता."

ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "समोरचं गेस्टहाऊस तुमचं ना?"

"हो."

"पोलिसांत तक्रार झाली होती?"

"झाली होती. टिकली नाही."

"का टिकली नाही?"

मी फळीवरच्या बाटल्या बघायला लागले. ती हसली, वाईट नाही, समजूतदारपणे हसली. धंद्यातली चढाओढ ओळखल्यावर शहाणी माणसं हसतात तशी. "सांगितल्याबद्दल आभार," म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फाटकाशी होते. लोकर काढून बसले, पण हात चालत नव्हते. पाचला गाडी आली. मेरेल उतरली, उन्हाने लाल झालेली, हातात रानफुलं. रस्ता ओलांडून मुद्दाम माझ्याकडे आली.

"बघा, धडधाकट आलेय," ती म्हणाली. "ते तर फारच सभ्य आहेत. आणि त्यांची छोटी किती गोड आहे! सबंध वाट आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, गिअरवर पाय टाकून. उतरायलाच तयार नव्हती."

सेझिम तेव्हा नऊ वर्षांची झाली होती. रस्त्यापलीकडे, हात मागे बांधून, गाडीशी उभी होती. माझ्याकडे बघून हसली नाही.

संध्याकाळी बेगिमाय नळावर आली. तिच्या घरी नळ आहे, पण पाणी कमी येतं. वर्षभर आम्ही एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो.

"सेझिमला सरोवर आवडतं वाटतं," मी म्हणाले.

तिने बादली नळाखाली सरकवली. "तिला गाडी लागते. दोनदा ओकली आज."

"मग कशाला पाठवतेस?"

"एकटी बाई असली की पाठवते. दोघी-तिघी असल्या तर नाही. तिला सांगून ठेवलंय, मध्ये बसायचं, झोपायचं नाही, आणि बाबा म्हणाले तरी उतरायचं नाही. शाळा बुडते तिची. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली."

पाणी बादलीत पडत होतं. मी म्हटलं, "बेगिमाय, तूच म्हणाली होतीस बोलू नका. माझ्या पाया पडत होतीस."

"हो, पडत होते." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "सहा महिन्यांची पोटुशी होते, घाबरले होते, तोंडाला येईल ते बोलत होते. माझ्या रडण्याकडे ह्या घरात कधी कोणी लक्ष दिलंय, वहिनी? तुम्ही दिलंय? नेमकं त्याच दिवशी कसं ऐकलंत माझं?"

बादली भरून वाहायला लागली. तिने नळ बंद केला, बादली उचलली आणि रस्ता ओलांडून गेली. पलीकडच्या ओट्यावर सासूबाई सेझिमला मांडीवर घेऊन तिच्या कपाळाला ओलं फडकं लावत होत्या.

उद्या मेदेरकडे आणखी एक एकटी बाई येणार आहे, असानबाय सांगत होता. कुठल्या देशाची ते त्याला माहीत नाही.